मुकादमाचा श्रावण

विश्राम कर्णिकांना मी पहिल्यांदा नीट बघितलं, तेव्हा ते आमच्या सोसायटीच्या फाटकाशी वाकून एका पापलेटाचे कल्ले उघडून आत बघत होते. मासेवाली पार वैतागलेली. "काका, घ्यायचं तर घ्या, त्याला काय दवाखान्यात न्यायचंय?" असं ती म्हणाली. काकांनी शांतपणे ते पापलेट खाली ठेवलं आणि दुसरं उचललं. आम्ही कोलशेत रोडला नुकतेच राहायला आलो होतो. मी मनात म्हटलं, हा माणूस शेजारी मिळाला तर कठीण आहे. निघाले नेमके शेजारीच, भिंतीला भिंत लागून.

कर्णिक म्हणजे ठाण्यातले जुने सीकेपी. काकांची अख्खी नोकरी एका रंगाच्या कंपनीचं स्टोअर सांभाळण्यात झाली, आणि रिटायर झाले तरी ते स्टोअर काही डोक्यातून गेलं नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याला लेबल आहे. एका डब्यावर 'मीठ', शेजारच्यावर 'मीठ, जाडं'. किल्ल्यांच्या खिळ्यांवरसुद्धा नावं. स्वतः कधी कुणाला कपभर चहा करून दिला नसेल, पण सुमेधाकाकूंनी केलेल्या कालवणात कोकम कमी पडलं की लगेच सांगणार. माणूस वाईट नाही, पण त्याच्याबरोबर राहायचं म्हणजे काकूंसारखं हसतं तोंड पाहिजे. माझं नाही तसं. मी खोपटच्या एसटी डेपोत पासांच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांची कटकट ऐकून घरी येते, त्यात लिफ्टपाशी काकांचं कचऱ्याच्या डब्यांवरचं भाषण मला सहन होत नाही, आणि ते मी तोंडावर सांगते.

वर्षाचे बाकीचे महिने या माणसाला माशाशिवाय घास उतरत नाही. पण श्रावण लागला की संपलं. मासे, मटण, अंडं, काही म्हणजे काही उंबऱ्याच्या आत येणार नाही. सोमवारी तर सूर्य मावळेपर्यंत चहापाण्यावर. लहानपणी त्यांच्या आईने लावलेली ही सवय त्यांनी एकदाही मोडली नव्हती. टायफॉइड झाला होता त्या वर्षीही नाही, म्हणे. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि त्याहून मोठा अभिमान एका गोष्टीचा होता. आल्यागेल्याला ते सांगायचे, "आमच्याकडे मांजरसुद्धा श्रावण पाळतं. आईच्या वेळेपासून."

आताचं मांजर म्हणजे मुकादम. राखाडी पट्ट्यांचा, मोठ्या डोक्याचा बोका. पार्किंगमधून पिल्लू असताना काकूंनी उचलून आणलेला. घरात सगळे कामाला लागले की हा खिडकीत बसून बघत राहायचा, म्हणून काका एकदा रागाने म्हणाले, "हा काय मुकादम लागून गेलाय?" तेच नाव पडलं.

मुकादमाची एक खोड होती. त्याला वाढलेलं चालायचं नाही, चोरलेलं लागायचं. काकू टेबलाशी जेवायला बसल्या की हा शेजारच्या खुर्चीवर. काकू ताटाच्या कडेला माशाचा तुकडा ठेवायच्या आणि टीव्हीकडे बघत जेवत राहायच्या. खालून हळूच एक पंजा वर यायचा. तुकडा पंजाला लागला की काकू ओरडायच्या, "मेल्या, चोरा!" आणि तो तोंडात तुकडा धरून सोफ्याखाली पळायचा. तिथे बसून मन लावून खायचा. परत यायचा, परत तेच. रोजचं जेवण असं व्हायचं त्या दोघांचं. काका म्हणायचे, "लाडावून ठेवलाय. जनावराला शिस्त पाहिजे."

गेल्या वर्षी जूनमध्ये काकू मेलबर्नला गेल्या. मैथिलीचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, बाळंतपण करायला. परत यायचं ते दिवाळीला. काकांना यायचं नव्हतं. विमानात बसून अंग आखडतं, तिकडे करणार काय, असली कारणं. काकूंचा जीव मात्र बोक्यात अडकला होता. आधीच म्हातारा होत चाललेला. निघताना लिफ्ट येऊन उभी राहिली तरी त्या दारातून हलेनात. शेवटी काका म्हणाले, "अगं, मांजर सांभाळायला काय लागतं? तू येशील तेव्हा तुझा मुकादम इथेच असेल. जा तू." मी तिथेच उभी होते. काकू माझ्याकडे बघून हसल्या आणि गेल्या.

दुसऱ्याच दिवशी काकांनी शिस्त सुरू केली. स्टीलची वाटी आणली, तिला 'मुकादम' असं लेबल लावलं, आणि खाण्याच्या वेळा ठरवल्या. आठवड्याभरात माणूस बोलावून गॅलरीला कबुतरांची जाळी बसवून घेतली. काकूंना जाळी नको असायची, त्या नाहीत तोवर काम उरकून घेतलं. त्या जाळीचं पुढे सांगते.

मुकादमाने वाटीशी असहकार पुकारला. फार भूक लागली की चार घास खायचा, तेही पाठ फिरवून. जुलै लागला आणि तो ओकायला लागला. अंगावरचे केस विस्कटलेले, पाठीचं हाड हाताला लागायला लागलं. काकांनी त्याला टोपलीत घालून माजिवड्याला नेलं. तिथे डॉक्टर समृद्धी म्हणून आहेत, मांजरं-कुत्री बघतात. मी बरोबर गेले, कारण टोपली धरायला कुणीतरी हवं होतं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. आतड्याला सूज आहे, म्हणाल्या. सकाळ-संध्याकाळ एक गोळी, आणि ताकदीसाठी एक सिरप. उकडलेला मासा दिला तर उत्तम. मीठ, मसाला, कांदा, लसूण काहीही नाही.

"आणि गोळी फार कडू आहे," त्या म्हणाल्या. "ती जेवणात मिसळू नका. एकदा का त्याला कडू लागलं की तो ते जेवणच टाकेल."

काकांनी मान हलवली. घरी येऊन त्यांनी गोळी खलात बारीक कुटली आणि वाटीतल्या माशात नीट कालवली. का, तर त्यांच्या हिशेबी एका कामात दोन कामं होत होती. मुकादमाने वाटीला नाक लावलं, मागे सरला, आणि पुढच्या पायाने जमीन खरवडली. मांजरं दुसऱ्या एका गोष्टीवर माती ओढतात, तशी. त्यानंतर त्या वाटीत पापलेट ठेवा नाहीतर कोळंबी, तो वळूनही बघेना.

सिरपची तऱ्हा वेगळी. कुणीतरी सांगितलं पंजावर लावा, चाटून खातो. काकांनी लावलं. मुकादमाने पंजा असा झटकला की सिरपचे शिंतोडे पडद्यावर, भिंतीवर आणि काकांच्या चष्म्यावर. तो पडदा अजून तसाच आहे.

मी म्हटलं, "काका, काकूंना सांगा ना. त्या काहीतरी सुचवतील."

"अजिबात नाही," काका म्हणाले. "तिला सांगितलं तर ती तिकीट बदलून परत येईल. मैथिलीचे दिवस भरलेत. तूही बोलायचं नाहीस."

ते खरं होतं. काकू आल्याच असत्या. म्हणून रोज दुपारी व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा काका लांबून कॅमेरा फिरवायचे आणि सांगायचे, "झोपलाय बघ. मस्त झोपलाय." काकू लांबूनच त्याच्याशी बोलायच्या.

नात झाली. काकूंनी कॉलवर बाळ दाखवलं, दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं, फक्त तोंड बाहेर. काका बघतच राहिले. "हे कसं केलंस?" त्यांनी विचारलं. "हात आत राहतात का? सुटत नाही ना?" काकूंना काय आनंद झाला! या माणसाने स्वतःच्या मुलीला कधी कडेवर नीट घेतलं नव्हतं आणि आता नातीच्या दुपट्याची चौकशी करत होता. त्यांनी बाळाला सोडून परत गुंडाळून दाखवलं. दुसऱ्या दिवशी काकांनी पुन्हा दाखवायला सांगितलं, म्हणाले डाव्या बाजूचं टोक नीट दिसलं नाही. काकूंनी मला वेगळा मेसेज पाठवला: "रचना, आजोबा झाल्यावर माणूस बदलतो गं."

आजोबा इकडे टॉवेल घेऊन मुकादमाच्या मागे पळत होते. पण जमलं त्यांना. डावं टोक आत, उजवं टोक वरून, पाय खाली दाबून. मुकादमाचं फक्त तोंड बाहेर. मी गोळी जिभेच्या मागे टाकायची आणि काका त्याचा गळा चोळायचे, गिळेपर्यंत. हातांवर ओरखडे पडायचे, पण गोळी जायची. माशाचं म्हणाल तर वाटी सोडून वर्तमानपत्रावर ठेवलं की थोडं खायला लागला होता. अंगावर जरा तकाकी आली. काका मला म्हणाले, "बघितलंस? सिस्टीम लागते." बरं चाललं होतं.

मग श्रावण आला.

माझी ड्युटी त्या आठवड्यात सकाळची होती. गोळी काका आता एकटे द्यायला शिकले होते, त्यामुळे तीन-चार दिवस माझं तिकडे जाणंच झालं नाही. शनिवारी गेले तर मुकादम पलंगाखाली भिंतीला टेकून बसलेला. हाक मारली तर नुसते डोळे हलले. पेपरवर दूधभात, बाजूला पनीरचे तुकडे, सुकून पिवळे पडलेले.

"काका, हे काय?"

"नाटकं करतोय. दोन दिवस झाले, तोंड लावत नाही."

"मासा कुठंय?"

"रचना, श्रावण आहे," काका म्हणाले. मला काहीच कळत नाही अशा आवाजात.

"मग पाकिटातलं तरी द्यायचं ना! मांजराचं मिळतं ते."

"बघितलं. मागे बारीक अक्षरात लिहिलंय, त्यातही मासाच असतो."

मला इतका राग आला म्हणून सांगू. हा माणूस दुकानात उभा राहून, चष्मा लावून, आजारी मांजराच्या खाण्याच्या पाकिटात मासा किती ते वाचून आला होता. मी म्हटलं, "काका, श्रावण तुमचा आहे. त्याचा नाही."

"आमच्या घराचा आहे. इतकी वर्षं त्याने पाळलाय. आता काय झालं?"

"कुणी पाळलाय?" मी म्हटलं. "दर श्रावणात रोज दुपारी तो तुमच्या गॅलरीतून आमच्या गॅलरीत यायचा. काकू माझ्याकडे पैसे देऊन ठेवायच्या, मासे आम्ही आणायचो. माझ्या सासूबाई ओट्यावर तुकडा काढून ठेवायच्या आणि तो चोरून खायचा. यंदा तुम्ही जाळी मारलीत. खरा श्रावण त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाळलाय."

ही आमची बायकांची व्यवस्था होती, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. आम्ही बौद्ध. आमच्याकडे त्या दिवसांत वर्षावास असतो, सासूबाई विहारात वाचन ऐकायला जातात, पण मासे घरात येतात. काकूंनी मला कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं, ते मी त्या दिवशी मोडलं.

काकांनी जाळीकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे आईचं मांजरसुद्धा..."

"तुमच्या आईच्या मांजराचं मला माहीत नाही," मी म्हटलं. "याचं बघा आधी."

तसेच माजिवड्याला गेलो. डॉक्टरांनी सुई दिली, कातडीखाली पाणी चढवलं. "मांजर उपाशी राहू शकत नाही काका," त्या म्हणाल्या. "पोटात काही गेलं नाही की लिव्हर बिघडायला लागतं, आणि मग खायची इच्छाच मरते. काय आवडतं ते द्या. त्याने आपणहून खाल्लं पाहिजे. सोमवार संध्याकाळपर्यंत नाही खाल्लं तर नळी घालावी लागेल, आणि त्याचं वय बघता मला भूल द्यायची भीती वाटते. नंतर मी काही सांगू शकत नाही."

रिक्षात काका टोपली मांडीवर घट्ट धरून बसलेले. सोसायटीच्या दारात उतरताना म्हणाले, "मी तिला काय सांगू?" तेव्हा मला त्यांची दया आली. आत्तापर्यंत नुसता रागच येत होता.

रविवारी काकांनी मधला मार्ग काढला. मासा आमच्याकडे शिजवायचा, आणि त्यांच्या गॅलरीत द्यायचा, म्हणजे घरात आला असं होत नाही. माझ्या सासूबाईंनी, केशरबाईंनी, बोईट उकडून दिलं. "मीठ नाय, हळद नाय," त्या म्हणाल्या, "याला कोण तोंड लावंल?" मुकादमाला उचलून गॅलरीत ठेवलं. तो उठला आणि हळूहळू चालत परत पलंगाखाली गेला. डॉक्टर म्हणाल्या तशी त्याची खायची इच्छाच मरत चालली असणार. मग गॅलरीचा नियम सोडून काकांनी मासा आत नेला. मी टेबलाशी ताट घेऊन बसले, त्यातलं खाऊन बघितलं. गोळी जिभेवर टाकणारी मीच, म्हणून असेल, तो बाहेरच आला नाही. मी उठल्यावर काका बसले. ताट पुढ्यात, रिकामा हात एकदा तोंडाशी नेला आणि परत मांडीवर ठेवला. मुकादमाने पलंगाखालून मान बाहेर काढली, काकांकडे बघितलं, आणि मान आत घेतली.

"तुम्ही खात नाही आहात," मी म्हटलं.

"खाण्याचा अभिनय केला मी. हात तोंडाशी नेला."

"त्याला कळतं काका. तो काकूंच्या ताटातलं चोरायचा, कारण काकू जेवत असायच्या. नुसतं मांडून ठेवलेलं त्याने कधी घेतलंय?"

काकांनी उठून ताट आमच्याकडे परत दिलं, टेबल दोनदा पुसलं, आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, झालं. आता उद्या नळी.

सोमवारी मी रजा टाकली. सकाळी दूध घ्यायला खाली उतरले तर काका फाटकातून आत येत होते. आंघोळ झालेली, कपाळाला भस्म, आणि हातात त्यांची ती माशांची पिशवी. मागून मासेवालीचा आवाज येत होता, "ओ काका, आज सोमवार हाय! कुणाला घेतलाव?" काका थांबले नाहीत. लिफ्टमध्ये माझ्याशेजारी उभे राहून म्हणाले, "खाडीचं ताजं बोईट मिळालं. कल्ले बघून घेतले."

"कुठे शिजवायचं?" मी विचारलं.

"घरी. माझ्या घरी," ते म्हणाले. "मला शिजवता येत नाही. तू सांग, मी करतो."

सांगितलं तसं त्यांनी केलं. साफ करायला जमेना तेव्हा मी पुढे झाले, पण उकडलं त्यांनीच, पातेल्यावर डोळा ठेवून. काटे स्वतः काढले. मी गोळी एका जिलेटिनच्या छोट्या कॅप्सूलमध्ये भरला, म्हणजे कडू लागणार नाही. ती डॉक्टरांनी शनिवारी दिली होती. कॅप्सूल एका माशाच्या तुकड्यात दडवली. पहिला तुकडा साधा, दुसऱ्यात गोळी, आणि दुसरा तोंडात असतानाच तिसरा समोर दिसला पाहिजे, म्हणजे तो घाईने गिळेल, असं डॉक्टरांनी समजावलं होतं.

जेवायच्या वेळेला काका ताट घेऊन काकूंच्या खुर्चीवर बसले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड. देवघरातला दिवा अजून जळत होता. काकांनी तिकडे एकदा बघितलं, हात जोडले नाहीत. घास उचलला आणि तोंडात घातला.

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. कोकमाचं एक आमसूल कमी पडलं तर बोलून दाखवणारा हा माणूस बिनमिठाचं, बिनहळदीचं, पांढरंफटक बोईट चावत होता. आयुष्यभराचा नेम मोडायचा तर निदान चवीने मोडावा, तेवढंही नशिबात नव्हतं. गिळलं. दुसरा घास घेतला. ताटाच्या कडेला एक तुकडा सरकवला आणि टीव्हीकडे बघायला लागले. टीव्ही बंद होता.

पलंगाखालून मुकादम बाहेर आला. पोट जमिनीला लागेल असा, थांबत थांबत. खुर्चीवर चढायला त्याला दोनदा उडी मारावी लागली. बसला. काकांच्या तोंडाकडे बघत राहिला. काका चावत राहिले. खालून पंजा वर आला, तुकड्याला लागला, आणि तिथेच थांबला. पंजा परत खाली गेला.

नेमका तेव्हाच फोन वाजला. तो पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला होता, काकूंच्या रोजच्या कॉलसाठी, आणि या गडबडीत आम्हा दोघांनाही त्याचं भान नव्हतं. आवाजाने मुकादमाचे कान मागे गेले. तो पळेल या भीतीने काकांनी झटकन बटण दाबलं, आणि समोर काकू आल्या. मांडीवर नात, दुपट्यात.

"अहो, जेवताय?" काकू म्हणाल्या. "आज सोमवार ना? बरं वाटत नाही का?"

काकू स्क्रीनजवळ आल्या. "ताटात काय आहे?"

"बोईट," काका म्हणाले.

इतकी वर्षं संसार केलेली बाई. श्रावण का मोडला, असं त्यांनी विचारलंच नाही. अगदी हळू विचारलं, "किती दिवस झाले तो जेवला नाही?"

"चार. सुमेधा, महिनाभर आजारी आहे तो. मी तुला सांगितलं नाही. तू सांभाळायला दिला होतास. मी जाळी लावली, मी दूधभात घातला..."

"आणि ते दुपटं," काकू म्हणाल्या. "ते मला परत परत दाखवायला सांगत होतात, ते..."

"हो."

काकूंनी पदराने डोळे पुसले. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला दाराआडून कळलं नाही. मी तर सरळ रडत होते. मुकादम हलला नव्हता. कान पुढे करून तो फोनकडे बघत होता.

"कुठल्या खुर्चीवर बसलायत?" काकूंनी विचारलं.

"तुझ्या."

"मग बरोबर आहे. आता माझ्याशी बोलू नका. त्याच्याकडे बघूही नका. तुम्ही जेवा."

काकांनी मान खाली घालून घास घेतला. टेबलाच्या कडेवर पंजा आला. चाचपडत तुकड्यापर्यंत गेला, नखात तुकडा अडकला, आणि मेलबर्नहून काकू जोरात ओरडल्या, "मेल्या, चोरा!"

मुकादम तुकडा घेऊन सोफ्याखाली पळाला. तिकडे बाळ दचकून रडायला लागलं. इकडे सोफ्याखालून चावण्याचा आवाज आला.

काकांनी माझ्याकडे हात केला. मी गोळी दडवलेला माशाचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. तो त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला, तिसरा बोटांशी तयार ठेवला, बंद टीव्हीकडे तोंड केलं आणि पुढचा घास तोंडात घातला.